चाळिशीत शंभर मीटर!

मान कौर शर्यतीत धावायला लागल्या तेव्हा त्यांचं वय होतं ९३. चंदीगडच्या या आजींना मैदानावर आणलं त्यांच्या मुलानं, गुरदेव सिंग यांनी. तेही तेव्हा सत्तरीतले! २०१७ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला वर्ल्ड मास्टर्स गेम्स भरल्या, त्यात १०१ वर्षांच्या मान कौर १०० मीटर धावल्या. वेळ १ मिनिट १४ सेकंद, पदक सोन्याचं. शंभरीपुढच्या गटात त्या एकट्याच होत्या. हरवायला समोर कुणी नाही, तरी आजी शेवटच्या रेषेपर्यंत जीव लावून पळाल्या.

आणि त्या काही अपवाद नाहीत. २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धेत हरयाणाच्या रामबाईंनी १०५ व्या वर्षी तेच अंतर ४५.४० सेकंदांत कापलं. त्याच वर्षी भगवानी देवी डागर या ९४ वर्षांच्या आजींनी फिनलंडमधल्या तांपेरेला जागतिक मास्टर्स स्पर्धेत २४.७४ सेकंदांत सुवर्ण घेतलं. जपानचे हिदेकिची मियाझाकी नव्वदी ओलांडल्यावर धावायला लागले आणि २०१५ मध्ये १०५ व्या वर्षी क्योतोत ४२.२२ सेकंदांत शंभर मीटर धावले. कौतुकानं लोक त्यांना ‘गोल्डन बोल्ट’ म्हणायचे.

आपल्याकडे मोठेपणी धावायला लागलेला माणूस हमखास लांब पल्ल्याकडे वळतो. आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, मग जानेवारीतली मुंबई. उत्तमच आहे ते. पण सुसाट पळण्याचा आनंद निराळा, आणि तो आपण शाळेतल्या शेवटच्या क्रीडा महोत्सवानंतर सोडून देतो. पस्तिशीत, पंचेचाळिशीत, साठीतही तो परत मिळवता येतो. अट एकच, लांब पल्ल्याची शिस्त इथं बाजूला ठेवायची. तिथं दमेपर्यंत पळतात, इथं दमायच्या आत थांबतात.

तासाभराचा सराव, पळणं अर्ध्या मिनिटाचं

नवशिक्याचा चांगला सराव कसा दिसतो? अर्धा तास अंग मोकळं करणं, मग ३० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक धावेनंतर भरपूर विश्रांती. एका धावेला पाच-सहा सेकंद. म्हणजे तासाभरात खरंखुरं वेगानं पळणं जेमतेम अर्धा मिनिट! बघणाऱ्याला वाटेल, हा माणूस नुसताच उभा आहे.

पण त्या उभं राहण्याला कारण आहे. पूर्ण जोरात पळताना स्नायू आधी स्वतःकडे साठवलेली ऊर्जा वापरतात. एटीपी नावाचा तयार साठा दोन-तीन सेकंदांत संपत येतो. मग क्रिएटिन फॉस्फेट मदतीला धावतं, तेही साधारण दहा सेकंदांपुरतंच. हा साठा भरायला ऑक्सिजन लागतो आणि वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात निम्म्याच्या आसपास भरतो, जवळजवळ पूर्ण व्हायला तीन ते पाच मिनिटं जातात. त्याआधी पुन्हा पळालात तर पळणं होईल, घाम येईल, पण वेग आलेला नसेल. म्हणून प्रशिक्षकांचा जुना ठोकताळा आहे: दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती. ३० मीटर पळालात तर तीन मिनिटं, ६० पळालात तर सहा.

मॅरेथॉनवाल्यांना हे सगळ्यांत अवघड जातं. तीन मिनिटं रिकामं राहवत नाही, पाय आपोआप जॉगिंगला लागतात. कृपा करून लागू देऊ नका. चालत परत या, पाणी प्या, पुढच्या धावेचा विचार करा. विश्रांती हाच इथं सरावाचा अर्धा भाग आहे.

पाय भराभर हलवून भागत नाही

वेगानं पळणाऱ्याचे पाय हवेत जास्त वेगानं फिरत असतील, असं आपल्याला वाटतं. अमेरिकी संशोधक पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे मोजून पाहिलं. कमाल वेगाला पोचल्यावर हवेतला पाय मागून पुढे आणायला वेगवान माणसाला आणि हळू माणसाला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच निघाला! फरक होता जमिनीवर. वेगवान माणूस जमिनीला जास्त जोर देतो, आणि तोही फार थोड्या वेळात. अव्वल धावपटूचा पाय कमाल वेगात जमिनीला टेकतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्यात तो शरीराच्या वजनाच्या चौपट-पाचपट जोर देऊन मोकळा झालेला असतो.

नवशिक्याला यातून मोठा दिलासा मिळतो. पाय भराभर हलवायची धडपड सोडायची आणि जमीन मागे-खाली ढकलायला शिकायचं. पाऊल लांब पुढे टाकून अंतर खायचा मोह तर पहिल्या दिवसापासून टाळायचा. शरीराच्या फार पुढे टेकलेला पाय ब्रेक लावतो आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर भलता ताण आणतो. पाऊल कमरेच्या जवळपास खाली पडलं पाहिजे, चवड्यावर, आणि तापलेल्या तव्यावर पडल्यासारखं चटकन उचललं गेलं पाहिजे.

हा जोर कुठून आणायचा? जिम असेल तर छानच. नसेल तर आपल्या आखाड्यातल्या बैठका आहेत, एका पायाच्या चवड्यावर वर-खाली होणं आहे आणि दोरीवरच्या उड्या आहेत. दोरीवर पोटरी आणि घोटा दोन्ही चटकन उसळायला शिकतात.

जबडा सैल सोडा

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेटचे प्रशिक्षक बड विंटर दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना शरीर सैल सोडायला शिकवायचे. युद्ध संपल्यावर तीच विद्या त्यांनी धावपटूंना दिली. जबडा सैल, हात सैल, खांदे खाली. त्यांचं म्हणणं होतं की माणूस पूर्ण जोर लावतो तेव्हा नको ते स्नायूही आवळतो आणि स्वतःलाच मागे खेचतो. नऊ दशांश जोर लावून, अंग मोकळं ठेवून पळा, घड्याळ जास्त खूश होईल. टॉमी स्मिथ, जॉन कार्लोस आणि ली इव्हान्स हे सगळे त्यांचेच शिष्य. त्यांच्यामुळे सॅन होजेला ‘स्पीड सिटी’ असं नावच पडलं.

पुढच्या वेळी उसेन बोल्टची शर्यत हळू गतीत बघाल तेव्हा त्याच्या गालांकडे बघा. हलताना दिसतात. आता शेजारच्या मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या एखाद्या पोराकडे बघा. दात घट्ट आवळलेले, मुठी वळलेल्या, मानेच्या शिरा ताणलेल्या. त्याला कुणीतरी प्रेमानं सांगायला हवं.

शेवटच्या टप्प्यात सगळेच मंदावतात

हो, बोल्टसुद्धा! १६ ऑगस्ट २००९ ला बर्लिनमध्ये त्यानं ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा त्याचे सगळ्यांत वेगवान २० मीटर होते ६० ते ८० दरम्यानचे, १.६१ सेकंदांत. ताशी ४४ किलोमीटरहून जास्त. त्यापुढे वेग उतरायला लागला. शेवटी मुसंडी मारून पुढे गेला असं जे दिसतं, ते बहुतेक वेळा इतर जास्त मंदावल्यामुळे. १९९१ साली टोकियोत कार्ल लुईसनं याच बळावर मागून येऊन ९.८६ चा विक्रम केला. त्या एका शर्यतीत सहा जण दहा सेकंदांच्या आत आले होते.

पॅरिस २०२४ ची अंतिम शर्यत तर डोळे दिपवणारी. नोआ लाइल्स ३० मीटरला सगळ्यांत मागे होता. शेवटी त्याची वेळ ९.७८४ आणि जमैकाच्या किशेन थॉम्पसनची ९.७८९. फरक सेकंदाच्या पाच हजारांशाचा! फलकावर दोघांच्याही नावापुढे ९.७९ लागलं आणि निकाल फोटोनं दिला. शेवटच्या रेषेवर धड मोजतात. डोकं, हात, पाय कितीही पुढे असले तरी चालत नाही. लाइल्सला लहानपणापासून दमा आहे, हेही लक्षात असू द्या.

नवशिक्याचा कमाल वेग बोल्टपेक्षा बराच आधी येतो, तीस-चाळीस मीटरलाच. म्हणून पहिले काही महिने पूर्ण शंभर मीटर पळायची गरजच नाही. पहिले तीस मीटर नीट जमले की पुढचं अंतर हळूहळू जोडता येतं.

खुरपं घेऊन शर्यतीला

स्टार्टिंग ब्लॉक येण्याआधी धावपटू छोटं खुरपं घेऊन मैदानात यायचे आणि पाय रोवायला मातीत खळगे खणायचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सनं चार सुवर्णं घेतली, त्यातली धावण्याची तीन अशाच खळग्यांतून उसळून. १९२९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज सिम्पसननं ब्लॉक वापरून १०० यार्ड ९.४ सेकंदांत पार केले, पण ब्लॉकचा आधार घेतला म्हणून विक्रम मान्यच झाला नाही. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले ते थेट १९४८ ला, लंडनमध्ये.

वाकून सुरुवात करणंही एके काळी नवलाचं होतं. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये थॉमस बर्कनं हात जमिनीला टेकवून सुरुवात केली आणि १२ सेकंदांत सुवर्ण घेतलं.

स्कॉटलंडच्या अ‍ॅलन वेल्सची गोष्ट मला विशेष आवडते. तो मुळात लांब उडीवाला, वेगाच्या शर्यतींकडे उशिरा वळलेला. ब्लॉक त्याला नकोच असायचे. १९८० मध्ये नियमानं सक्ती झाली तेव्हा त्यानं ते वापरायला घेतले आणि त्याच वर्षी मॉस्कोत, २८ व्या वर्षी, १०० मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला.

तेव्हा ब्लॉक नाहीत म्हणून अडून बसू नका. उभ्यानं सुरुवात करा. एक पाय पुढे, विरुद्ध हात पुढे, अंग पुढे झुकू द्या, तोल जायला लागला की निघा. मास्टर्स स्पर्धांमध्ये उभ्यानं सुरुवात केलेली चालते.

मांडीचा मागचा स्नायू

इथं जरा थांबू. मोठेपणी वेगानं पळायला लागलेल्या माणसाचा उत्साह बहुतेक वेळा याच स्नायूपाशी मोडतो, आणि तो मोडू नये असं मनापासून वाटतं.

हॅमस्ट्रिंगची दुखापत बऱ्याचदा पाय हवेत असतानाच होते. पाय पुढे झेपावतो, गुडघा सरळ होत येतो, आणि पाऊल टेकायच्या अगदी आधी हा स्नायू ताणला जात असतानाच पायाला आवरूनही धरत असतो. वेग जितका जास्त, तितकं हे काम अवघड. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेला, या कामाची सवय मोडलेला स्नायू पहिल्याच रविवारी पूर्ण वेगाला जुंपला की टक्कन आवाज येतो आणि माणूस जागच्या जागी मांडी धरून बसतो. पुढचे कित्येक आठवडे गेले. शिवाय एकदा दुखावलेला हा स्नायू पुन्हा दुखावण्याची शक्यता जास्त असते.

उपाय तीन आहेत, तिन्ही फुकट.

पहिला, चढावर पळा. चढावर पाऊल आखूड पडतं, वेग आपोआप मर्यादेत राहतो आणि पाय फार पुढे झेपावत नाही, तरी जमीन ढकलायचा सराव पुरेपूर होतो. पुण्यात टेकड्या आहेत, कोकणात घाट्या आहेत, इतरत्र एखादा सौम्य चढाचा मातीचा रस्ता सापडतोच. पंधरा-वीस मीटर वर पळायचं, चालत खाली यायचं. उतारावर मात्र कधीही पळायचं नाही.

दुसरा उपाय नॉर्डिक व्यायामाचा. सतरंजीवर गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी घोटे दाबून धरायचे, आणि कंबर न वाकवता अंग सावकाश पुढे न्यायचं. जमेल तिथपर्यंत धरून ठेवायचं, मग हातांवर पडायचं. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत या एका व्यायामानं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झालेल्या दिसल्या आहेत. सुरुवातीला तीन-चार वेळाच करा. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात, आणि चांगल्याच बोलतात.

तिसरा उपाय कंटाळवाणा, पण सगळ्यांत मोठा: वेग आठवड्या-आठवड्यानं वाढवा. शरीराला वेगाची सवय फक्त वेगानंच होते, पण ती हप्त्या-हप्त्यानं व्हावी लागते.

पोटरी आणि टाचेमागची शीर यांचंही हेच. स्पाइक्सचा मोह पहिले काही महिने आवरा. टाच खाली राहिली की पोटरीवर एकदम ताण येतो. साधे, फार जाड तळ नसलेले धावायचे बूट पुरतात. आणि चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर पहिल्या दिवसाआधी डॉक्टरांना भेटा. ही ओळ वाचून पुढे सरकू नका.

अ, ब, क च्या उड्या

मैदानावर मुलं गुडघे उचलत, टाचा मागे मारत, उड्या घेत पुढे सरकताना दिसतात. त्यातल्या ‘ए स्किप’, ‘बी स्किप’ या कवायतींची पद्धत पोलंडचे प्रशिक्षक जेरार्ड माख यांनी बसवली. ते पुढे कॅनडात गेले आणि त्यांच्या कवायती जगभर पसरल्या. मोठ्या माणसाला मैदानावर अशा उड्या मारायचा संकोच वाटतो. वाटू द्या आणि मारा. वेगात लागणारी गुडघ्याची उचल, घोट्याचा ताठपणा, हातापायांचा मेळ हे सगळं यात कमी वेगात, कमी धोक्यात शिकून होतं.

अंग मोकळं करायचा क्रमही बदलला आहे. पूर्वी पीटीचे सर आधी वाकवून, ताणून, मिनिटभर तसंच धरायला लावायचे. आता कळलं आहे की पळण्याआधी एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरला तर त्याचा जोर थोडा उतरतो. म्हणून आधी हलकं जॉगिंग, मग पाय झुलवणं, मग कवायती, मग वाढत्या वेगाच्या दोन-तीन धावा. स्थिर ताण सराव झाल्यावर.

पहिले दोन महिने

आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवस मोकळे. पहिले दोन आठवडे कवायती आणि ५०-६० मीटरच्या मोकळ्या धावा, अंगातला साठ-सत्तर टक्के जोर लावून. बोलावंसं वाटेल इतक्या आरामात. पुढचे दोन आठवडे चढ, पाच-सहा वेळा. पाचव्या आठवड्यापासून सपाटीवर उभ्यानं सुरुवात करून वीस मीटर, मग तीस. जोर नव्वद टक्क्यांच्या आत. दिवसभराचं वेगानं पळणं एकूण दोनशे मीटरच्या पुढे नको.

केव्हा थांबायचं? धाव आधीच्यापेक्षा जड वाटली, वेळ घसरली, की त्या दिवसाचं काम संपलं. यादीत दोन धावा शिल्लक असल्या तरी. मांडीत कुठे ओढ जाणवली तर तिथल्या तिथे, त्याच क्षणी. आणि रेषा ओलांडल्यावर कच्चकन थांबू नका, वेग उतरायला पुढे पंधरा-वीस मीटर मोकळी जागा हवी. समोर भिंत असलेल्या गल्लीत म्हणूनच पळायचं नाही. काँक्रीटवरही नाही. गवत किंवा दाबलेला मुरूम चांगला, सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर उत्तम. पावसाळ्यात निसरड्या मैदानापेक्षा जिन्याच्या पायऱ्या आणि बैठका बऱ्या.

घड्याळाच्या गमती

मित्रानं मोबाइलवर लावलेली वेळ खरी धरू नका. माणूस बंदुकीचा आवाज ऐकून बटण दाबतो तोवर उशीर झालेला असतो, म्हणून हातानं घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण ०.२४ सेकंदांनी चांगली दिसते.

बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललात तर ती चूक धरतात. इतक्या लवकर ऐकून हलणं माणसाला शक्य नाही, असं नियम मानतो. २०११ मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत बोल्ट चुकून लवकर निघाला आणि अंतिम शर्यत पळण्याआधीच बाद झाला.

पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत.

केनियाच्या केल्विन किप्टमनं २०२३ मध्ये शिकागोत मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत संपवली. भागाकार करा: प्रत्येक शंभर मीटर सतरा सेकंदांच्या किंचित वर, ते सलग ४२१ वेळा! तुमचा एकच शंभर मीटर सतरात आला, तर त्या दिवशी पेढे वाटायला हरकत नाही.

आणि सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातली सारा नावाची चित्तीण २०१२ मध्ये शंभर मीटर ५.९५ सेकंदांत धावली. तेव्हा ती ११ वर्षांची होती, म्हणजे चित्त्यांच्या हिशेबात मास्टर्स गटातलीच.

आपल्या मातीतला वेग

१९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. त्यात १०० आणि २०० मीटर, दोन्हींचं सुवर्ण घेतलं मुंबईच्या लेव्ही पिंटोंनी. शंभर मीटरची वेळ होती १०.८. त्यानंतर २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत एकाही भारतीय पुरुषाला आशियाई शंभर मीटरचं सुवर्ण मिळालेलं नाही. त्याच १९५१ मध्ये रोशन मिस्त्रींनी महिलांच्या १०० मीटरमध्ये रौप्य घेतलं आणि वांद्र्याच्या मेरी डिसोझांनी २०० मीटरमध्ये कांस्य. मेरी पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला धावल्या आणि भारताकडून हॉकीही खेळल्या. मुंबईच्या शाळा-शाळांत ही नावं माहीत असायला हवीत, आणि ती नाहीत याची खंत वाटते.

वेग आपल्याला परका नाही. खो-खो खेळलेला प्रत्येक माणूस स्प्रिंटर आहे. बसल्या जागेवरून उसळायचं, दोन-तीन पावलांत वेग घ्यायचा, धरलेली दिशा सोडायची नाही. सुरुवातीच्या दहा मीटरसाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीतही लांब धाव आणि गोळाफेकीबरोबर १०० मीटरचे गुण असतात. त्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे जा, भरतीची मुलं-मुली शंभर मीटर मारताना दिसतील. त्यांच्याकडे आखलेली रेषा असते, शिट्टी असते, घड्याळ असतं, आणि वयानं मोठ्या माणसाला सोबत घ्यायची त्यांची तयारी असते. विचारून बघा.

सिंथेटिक ट्रॅक हवा असेल तर पुण्यात बालेवाडी आणि सणस मैदान आहे, मुंबईत मरीन लाइन्सचं विद्यापीठ मैदान आणि प्रियदर्शिनी पार्क, गोव्यात बांबोळी. नियम आणि वेळा आधी विचारून घ्या. ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेनं पळतात, आतल्या लेन वेगानं पळणाऱ्यांसाठी सोडतात आणि चालायचं असेल तर सगळ्यांत बाहेरच्या लेनमध्ये चालतात.

वाढदिवसाची वाट बघणारे लोक

ऑलिंपिकच्या पुरुष शंभर मीटरचा सगळ्यांत वयस्क विजेता लिनफर्ड ख्रिस्टी, १९९२, वय ३२. शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस ३५ व्या वर्षी, २०२२ मध्ये, जगज्जेती झाली. किम कॉलिन्सनं २०१६ मध्ये ४० व्या वर्षी ९.९३ ची वेळ दिली. चाळिशीत दहा सेकंदांच्या आत आलेला तो पहिला माणूस. मर्लिन ऑटी ५२ व्या वर्षी, २०१२ मध्ये, स्लोव्हेनियाच्या रिले संघातून युरोपीय स्पर्धेत धावली.

वयाबरोबर वेग कमी होतो, हे खरं. वेगवान स्नायूतंतू बारीक होतात, पाऊल आखूड होतं, पाय जमिनीवर जास्त वेळ टेकून राहतो. पावलं टाकण्याची लय मात्र तुलनेनं टिकते. म्हणजे जातो तो मुख्यतः जोर, आणि जोर व्यायामानं राखता येतो. फिनलंडमध्ये ज्येष्ठ स्प्रिंटरांचा दहा वर्षं माग काढला, तेव्हा ज्यांनी सराव चालू ठेवला त्यांच्या नडगीच्या हाडांची ताकद टिकलेली दिसली. जोरात पळताना हाडाला जो दणका बसतो, तोच हाडाचा खुराक ठरतो.

मास्टर्स गट सुरू होतो ३५ पासून आणि दर पाच वर्षांनी बदलतो. त्यामुळे ३९ वर्षांचा धावपटू चाळिसाव्या वाढदिवसाची आतुरतेनं वाट बघतो, कारण त्या दिवशी तो नव्या गटातला सगळ्यांत तरुण होतो! मला तरी वाढदिवसाचं याहून चांगलं कारण ठाऊक नाही. पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा १९७५ मध्ये टोरंटोला झाली. या स्पर्धेला पात्रतेची किमान वेळ लागत नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या मास्टर्स स्पर्धा तर आपल्या शेजारीच भरतात.

या आठवड्यात एक सौम्य चढ शोधा, दोन महिने धीरानं सराव करा, आणि तुमच्या जिल्ह्यातली पुढची मास्टर्स स्पर्धा कधी आहे ते विचारून शंभर मीटरला नाव घाला.